इस्तंबूलची तहान भागवणारे मेमार सिनान

मगरिबची अजान होते. खजुराचा तुकडा तोंडात जातो आणि पाठोपाठ पाण्याचा पहिला घोट. दिवसभराच्या रोज्यानंतर त्या घोटाची गोडी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण हे पाणी आपल्या पेल्यापर्यंत कोणी आणले, असा विचार त्या क्षणी सहसा कोणी करत नाही. पाणी पिणारा पाणी आणणाऱ्याला विसरतो, ही जगाची जुनी रीत आहे. मेमार सिनान यांच्यासारख्या जगप्रसिद्ध माणसाच्या वाट्यालाही ती आली.

सिनान म्हटले की लोकांना मशिदी आठवतात. इस्तंबूलची सुलेमानिये, एदिर्नेची सेलिमिये. उस्मानी सल्तनतीचे ते सुमारे पन्नास वर्षे मुख्य मेमार, म्हणजे वास्तुविशारद होते. त्यांच्या नावावर तीनशेहून जास्त बांधकामे आहेत. त्यांतले एक अतिशय अवघड काम मात्र मशीद नव्हते, महालही नव्हता. ती होती जंगलातले पाणी शहरात आणणारी एक नहर. तिचे नाव किर्कचेश्मे. तुर्कीत किर्क म्हणजे चाळीस आणि चेश्मे म्हणजे आपल्या उर्दूतला चश्मा. चाळीस झरे, किंवा चाळीस नळकोंडाळी म्हणा.

या नहरीच्या उंच कमानी युरोपातल्या घराघरांत पोहोचल्या त्या जुन्या छापील चित्रांतून. छायाचित्रांचा काळ सुरू होण्याआधी प्रवासी चित्रकार रेखाटने करत. मग कारागीर ती तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर बारीक रेघांनी कोरत. कोरलेल्या रेघांत शाई भरून कागदावर दाब दिला की चित्र उमटे. अशा चित्रांत इस्तंबूलचे पाणी वारंवार दिसते. कुठे जुन्या नहरीच्या कमानी, कुठे जंगलातला बांध, कुठे जमिनीखालचा खांबांचा हौद, कुठे चौकातले नळकोंडाळे. चित्रे सुंदर आहेत. पण सिनान यांच्या कमानींखाली त्यांचे नाव सहसा सापडत नाही. एका कमानीला तर कित्येक वर्षे भलत्याच माणसाचे नाव होते. ती हकीकत पुढे येईलच. आधी त्या माणसाचे आयुष्य पाहू.

सुतार, सैनिक, मेमार

सिनान यांचा जन्म १४९० च्या सुमारास अनातोलियातल्या कायसेरीजवळच्या अगिरनास या गावी, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. उस्मानी राज्यात तेव्हा देवशिर्मे नावाची पद्धत होती. ख्रिस्ती खेड्यांतली मुले सरकार घेऊन जाई, त्यांना इस्लामची दीक्षा देई आणि लष्करात किंवा दरबारात वाढवी. आईबापांच्या दृष्टीने ती ताटातूटच होती. सुलतान सलीम पहिले यांच्या काळात सिनान असेच गाव सोडून राजधानीत आले. तेव्हा ते विशीत होते.

तिथे ते सुतारकाम शिकले. सुताराचा हात आणि सैनिकाचा पाय, या दोन गोष्टींनी त्यांचे पुढचे आयुष्य घडवले. जॅनिसरी फौजेत दाखल झाल्यावर १५२१ मध्ये बेलग्रेड, १५२२ मध्ये रोड्स, १५२६ मध्ये मोहाच अशा सुलतान सुलेमान यांच्या मोहिमांत ते होते. पुढे बगदादच्या स्वारीतही गेले. त्या स्वारीत वान सरोवरावर शत्रूची खबर काढण्यासाठी जहाजे हवी होती. सिनान यांनी तिथेच तीन जहाजे बांधून दिली. १५३८ च्या मोल्दाव्हियाच्या मोहिमेत प्रूत नदी आडवी आली. काठ दलदलीचा, पूल उभा राहीना. सिनान यांनी तो तेरा दिवसांत उभा केला.

फिरता फिरता त्यांनी अनेक देशांतल्या जुन्या इमारती, पडके पूल, कोरड्या नहरी पाहिल्या. काय टिकले आणि काय कोसळले, याची जणू शाळाच त्यांना मिळाली. मुख्य मेमाराची जागा रिकामी झाली तेव्हा लुत्फी पाशा यांनी त्यांचे नाव सुचवले. फौज सोडायला मन तयार नव्हते, पण मशिदी बांधायची संधी मिळेल या विचाराने त्यांनी होकार दिला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या घरात होते. ज्या वयात माणूस आवराआवरीचा विचार करतो, त्या वयात सिनान यांचे खरे काम सुरू झाले.

पुढच्या काळात शहजादे मेहमेद यांच्या स्मरणार्थ मशीद झाली. मग १५५० ते १५५७ या वर्षांत सुलेमानिये उभी राहिली. ती नुसती मशीद नव्हती. मदरसे, दवाखाना, गरिबांना अन्न देणारा भटारखाना, हमाम असे सगळे मिळून ते एक छोटे शहरच होते. आणि या सगळ्याला पाणी लागत होते.

पाणी वाढले तर माणसे वाढतील

इस्तंबूलच्या तिन्ही बाजूंना पाणी, पण ते खारे. गोड्या पाण्याची नड या शहराला जन्मापासूनची. रोमन बादशहांनी लांबून पाणी आणले होते. बादशहा व्हॅलेन्स यांच्या नावाची चौथ्या शतकातली कमान आजही शहराच्या मधोमध उभी आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन यांनी जमिनीखाली तीनशेहून जास्त खांबांचा प्रचंड हौद बांधला. वेढा पडला तरी शहर तहानलेले राहू नये, हा त्यामागचा हेतू. पण शतके उलटली, नहरी तुटल्या, हौदांवर घरे उभी राहिली. १५४० च्या दशकात पीटर गिलियस हे फ्रेंच विद्वान शहरात आले, तेव्हा वरच्या घरांतले लोक त्या विसरलेल्या हौदात बादली सोडून पाणी काढत आणि मासेही धरत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

१४५३ नंतर उस्मानींनी जुन्या नहरी दुरुस्त केल्या, काही नव्या जोडल्या. पण सुलेमान यांच्या काळात शहर इतके वाढले की ते पाणी पुरेना. शहराच्या उत्तरेला कागिताने ओढ्याच्या वरच्या बाजूला दाट जंगल होते. तिथले झरे एकत्र करून शहरात आणता येतील का, हे पाहायचे काम सुलतानांनी सिनान यांच्यावर सोपवले. सिनान यांनी दऱ्या पालथ्या घातल्या, जुन्या नहरींचे अवशेष शोधले, उंची मोजली, झऱ्यांचे पाणी मापून पाहिले आणि होईल असे सांगितले.

दरबारात यावर वाद झाला. जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब आधी कसा सांगता येईल, अशी शंका काहींनी काढली. वजीर रुस्तुम पाशा यांचा आक्षेप वेगळाच होता. शहरात पाणी मुबलक झाले तर खेड्यापाड्यांतून माणसे लोटतील आणि मग त्यांना पोसायचे कसे, ही त्यांची काळजी. निकोला नावाच्या एका ख्रिस्ती जलमार्ग-जाणकाराला याच वादात कैद झाली आणि सुलतानांना कळल्यावर सुटका झाली, असे त्या काळचे इतिहासकार सांगतात. हा वाद आपल्याला परका वाटू नये. पाणी दिले तर गरीब माणसे येतील म्हणून पाणी देऊ नका, हा युक्तिवाद जुनाच आहे.

सुलतानांनी तो मानला नाही. सिनान यांची हकीकत त्यांचे मित्र, कवी मुस्तफा साई यांनी लिहून ठेवली आहे. तिच्यात सुलतानांची इच्छा नोंदली आहे. प्रत्येक मोहल्ल्यात नळकोंडाळे असावे. जिथे पाणी चढणार नाही तिथे विहीर असावी. म्हातारी माणसे, विधवा बाया, लहान मुले यांना आपापली घागर दाराजवळ भरता यावी आणि त्यांनी दुआ द्यावी. सल्तनतीच्या वैभवाच्या काळात योजनेच्या केंद्रस्थानी घागर घेतलेली म्हातारी होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एका पावसात दहा वर्षे वाहून गेली

काम १५५४ च्या सुमारास सुरू झाले. बेलग्रेडच्या विजयानंतर तिथून आणून वसवलेल्या लोकांचे गाव या जंगलात होते, म्हणून जंगलालाही बेलग्रेडचेच नाव पडले. तिथपासून शहरापर्यंत सुमारे ५५ किलोमीटरचा मार्ग. पंप नाही, यंत्र नाही. पाणी स्वतःच्या उतारानेच चालले पाहिजे. उतार जास्त झाला तर पाणी दगड खाते, कमी झाला तर गाळ साचतो. डोंगर आला की त्याला वळसा घालायचा किंवा पोटातून जायचे. दरी आली की कमानी उभारून वरून पाणी न्यायचे. तीसपेक्षा जास्त ठिकाणी असे जलसेतू बांधावे लागले. सर्वांत लांब सेतू उझुनकेमेर, नावाचा अर्थच लांब कमान. त्याची लांबी सुमारे ७११ मीटर.

काम संपत आले होते. सिनान यांनी सत्तरी ओलांडली होती. आणि २० सप्टेंबर १५६३ रोजी आभाळ फाटले. विजा, पाऊस आणि मग पूर. शिकारीला बाहेर पडलेले सुलतान स्वतः त्या पुरात सापडले आणि थोडक्यात वाचले. जंगलातल्या ओढ्यांनी झाडे, ओंडके, माती घेऊन कमानींवर धडक मारली. माग्लोवा दरीतला मोठा सेतू कोसळला. इतर कमानींचेही मोठे नुकसान झाले. दहा वर्षांच्या मेहनतीचा कणा एका पावसात मोडला.

अशा वेळी माणूस नशिबाला दोष देतो किंवा कोणाच्या तरी माथी खापर फोडतो. सिनान पुन्हा दरीत उतरले. सुलतानांनीही हात आखडता घेतला नाही. १५६४ मध्ये माग्लोवा पुन्हा उभा होता.

हा नवा सेतू जगातल्या उत्तम जलसेतूंत गणला जातो. उंची सुमारे ३६ मीटर, लांबी २५८ मीटर, दोन मजले, दोन्हींवर प्रचंड कमानी. त्याच्या खांबांकडे नीट पाहिले तर पुराने शिकवलेला धडा दिसतो. खांब पायथ्याशी रुंद आहेत आणि वर जाताना पिरॅमिडसारखे निमुळते होतात. पाण्याचा लोंढा त्यांच्या उतारावर फुटतो, अंगावर येत नाही. भूकंपातही तोल पायथ्याशी राहतो. मधल्या मजल्यावर खांबांच्या पोटातून वाट काढली आहे, माणूस दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊ शकतो. साडेचारशे वर्षे झाली, तो उभा आहे. आता त्या दरीत धरण झाले असून सेतूचा खालचा भाग त्याच्या जलाशयात बुडालेला असतो. पुराला तोंड देण्यासाठी बांधलेले खांब आज धरणाच्या पाण्यात उभे आहेत.

वाटणीचा हिशेब

पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे वाटणी. पाणी आधी वाटपाच्या घुमटीत येई. तिथे दगडी कुंडाला ठरावीक मापाच्या तोट्या बसवलेल्या असत. या मापाला लुले म्हणत. कोणत्या मोहल्ल्याला किती लुले, याचा हिशेब ठेवलेला असे. तिथून मातीच्या नळांतून पाणी गल्लीत जाई. मध्ये मध्ये उंच मनोऱ्यांवर छोटी कुंडे असत, त्यांना पाण्याचे तराजू म्हणत. पाणी तिथे चढे, दाब कमी होई आणि मग पुढे जाई. नळ फुटत नसत. देखभालीसाठी वेगळी माणसे नेमलेली होती. मार्गावरच्या गावांनी नहर सांभाळायची आणि त्या बदल्यात करात सूट घ्यायची, अशी व्यवस्था होती. नळांच्या जवळ झाडे लावू नयेत, मुळे नळ फोडतात, असे हुकूम निघत.

आणखी एक कडक नियम होता. हे पाणी नळकोंडाळ्यांचे, म्हणजे सर्वांचे. परवानगीशिवाय कोणी ते आपल्या घरात वळवायचे नाही. श्रीमंतांनी चोरून फाटे काढू नयेत, म्हणजे शेवटच्या गल्लीतली घागर कोरडी राहणार नाही.

त्याच सुमारास सुलतानांची कन्या मिहरिमाह यांच्या खर्चाने मक्केच्या नहर-ए-जुबैदाची दुरुस्ती आणि विस्तारही हाती घेतला गेला. इस्तंबूलमधल्या मिहरिमाह यांच्या दोन मशिदी सिनान यांनीच बांधल्या. पाण्याची सोय करणे हा सदका-ए-जारिया आहे, करणारा गेला तरी त्याचे पुण्य चालू राहते, ही श्रद्धा त्या घराण्यात आणि त्या मेमारातही होती.

चित्रातली कमान, चित्राखालचे नाव

उस्मानी चित्रकारांनीही ही नहर काढली आहे. सुलेमान यांच्या कारकिर्दीवरच्या १५७९ च्या सचित्र हस्तलिखितात किर्कचेश्मेच्या कमानी रंगांत आहेत. त्याच हस्तलिखितात सुलतानांच्या दफनविधीच्या चित्रात हातात गज घेतलेला एक वयस्क माणूस दिसतो. ते सिनान असावेत असे जाणकार मानतात. पण ही चित्रे हाताने काढलेली, एकुलती एक, महालाच्या ग्रंथालयातली. ती बाहेरच्या कोणाला दिसणार?

जगाने पाहिली ती छापील चित्रे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंतवान मेलिंग यांचा इस्तंबूल आणि बॉस्फरसवरचा भव्य चित्रसंग्रह पॅरिसमध्ये छापला गेला. त्यात शहराला पाणी पुरवणारे बांध आणि जलसेतू आहेत. १८३८ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम बार्टलेट यांची चित्रे ज्युलिया पार्डो यांच्या मजकुरासह निघाली. त्यांत बुर्गाझ गावाजवळचा जलसेतू आहे. त्याच काळात टॉमस अॅलम यांनी जमिनीखालचा हजार खांबांचा म्हणून प्रसिद्ध असलेला हौद काढला. पोलादी पत्र्यावरून हजारो प्रती निघत, त्यामुळे ही पुस्तके दूरवर गेली. पुढे पुस्तके सुटी झाली, पाने चौकटीत बसली आणि भिंतींवर लागली.

या चित्रांचे मोल मोठे आहे. तेव्हाची दरी, तेव्हाचे जंगल, कमानींवर उगवलेली झुडपे, सगळे त्यांत जपले गेले आहे. पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आधीच रोम भरलेले होते. एवढ्या उंच कमानी दिसल्या की त्या रोमनांच्याच असणार, असे युरोपच्या प्रवाशांना वाटे. सिनान यांनी जुन्या नहरींच्या खुणांवरून मार्ग शोधला होता, त्याने गोंधळ आणखी वाढला. माग्लोवाचा सेतू युरोपच्या पुस्तकांत दीर्घकाळ जस्टिनियनचा जलसेतू म्हणून ओळखला गेला. सिनान यांच्या जन्माच्या हजार वर्षे आधीच्या बादशहाला त्याचे श्रेय मिळाले. पुरात कोसळलेला आणि सत्तरीतल्या माणसाने पुन्हा उभा केलेला तो सेतू चित्रात होता, माणूस नव्हता. पुढे सनदा, हिशेब आणि साई यांचे लेखन तपासून अभ्यासकांनी ते नाव जागेवर आणले.

या चित्रांत आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे पाणी. ते सेतूच्या माथ्यावर झाकलेल्या पाटातून वाहते. ऊन, धूळ, पाला लागू नये म्हणून झाकलेले. ते दिसते थेट गल्लीत, तोटीतून घागरीत पडताना.

शेवटची वर्षे

किर्कचेश्मेनंतरही सिनान थांबले नाहीत. १५६७ मध्ये ब्युक चेकमेजे इथला लांब पूल पुरा झाला. तो सुरू करवणारे सुलतान सुलेमान वर्षभर आधीच मोहिमेवर वारले होते. १५७५ मध्ये एदिर्नेची सेलिमिये पूर्ण झाली, तिचा घुमट ३१ मीटरपेक्षा रुंद. तेव्हा सिनान पंच्याऐंशीच्या आसपास होते.

आणि उतारवयात त्यांच्यावर आरोप झाला. सुलतान मुराद तिसरे यांच्या काळात तक्रार गेली की मुख्य मेमारांनी नहरीचे पाणी परवानगीशिवाय आपल्या घराकडे वळवले आहे. चौकशीचा हुकूम निघाला. ज्यांनी अख्ख्या शहराला पाणी दिले त्यांना आपल्या घरच्या तोटीचा जाब द्यावा लागावा, हे वाचताना वाईट वाटते. पण याची दुसरी बाजूही आहे. पाणी सर्वांचे आहे हा नियम ज्या माणसाच्या कामातून प्रत्यक्षात आला, त्यालाच तो नियम विचारत होता. पाणी आणणाऱ्याचाही त्या पाण्यावर इतरांपेक्षा जास्त हक्क नव्हता.

स्वतःच्या कमाईतून सिनान यांनी वक्फ केला. त्यात मदरसा, मशीद आणि पाण्याची नळकोंडाळी होती. तरुणपणी सुटलेल्या अगिरनासला ते विसरले नव्हते. सायप्रस जिंकल्यावर अनातोलियातल्या लोकांना तिकडे वसवण्याचे हुकूम निघाले, तेव्हा त्यांनी आपल्या ख्रिस्ती नातेवाइकांसाठी सूट मिळवली. आणि त्या गावालाही त्यांनी पाण्याचे नळकोंडाळे दिले.

१५८८ मध्ये सिनान यांचे निधन झाले. सुलेमानियेच्या बाहेर, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर त्यांची साधी कबर आहे. कबरीच्या लेखाचे शब्द साई यांचे. त्यात काही कामांचा खास उल्लेख आहे. एक सुलेमानिये, एक चेकमेजेचा पूल आणि तिसरे काम म्हणजे शहराचे जलमार्ग. जलमार्गांच्या ओळीत साई यांनी आपल्या मित्राला हजरत खिज्र यांच्या पंक्तीला बसवले आहे, कारण त्याने जीवनाचे पाणी लोकांसाठी वाहते केले.

कबरीच्या आवाराच्या टोकाला, रस्त्याच्या कोपऱ्यावर एक छोटी सबील आहे, जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी पाजण्याची जागा. तिथे थांबून पाणी पिणाऱ्याला ते कोणी दिले हे विचारावे लागत नसे. नाव मागेच, कबरीवर लिहिलेले होते.